मिरजेच्या जुन्या तंबोऱ्याचे वय : निश्चितीची साधने व त्यांच्या मर्यादा

प्रस्तावना

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील अनेक घरांत, मंदिरांत आणि संगीतवर्गांत जुने तंबोरे गवसणीत गुंडाळून कोपऱ्यात उभे केलेले आढळतात. त्यांच्या वयाविषयी विचारणा केली असता बहुधा 'शंभर वर्षांचा तरी असेल' असे उत्तर मिळते. त्यापाठोपाठ एखाद्या संस्थानिकाचे वा थोर गवयाचे नावही येते. ही उत्तरे खोटेपणाने दिली जातात असे नव्हे. घरातील वस्तूचे वय सांगणारा मनुष्य बहुतेक वेळा आपल्या आजोबांचे वय सांगत असतो, एवढेच. तथापि अलीकडे जुन्या वाद्यांना ग्राहक मिळू लागले आहेत, २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे, आणि त्यामुळे 'शंभर वर्षे' या शब्दांना किंमत आली आहे. अशा वेळी वाद्याचे वय कसे ठरवावे, कोणता पुरावा कोठपर्यंत विश्वासार्ह मानावा, याचा विचार होणे आवश्यक वाटते.

प्रस्तुत लेखात मिरजेत तयार झालेल्या तंबोऱ्याच्या कालनिश्चितीची साधने तपासली आहेत. यासाठी इतिहास, पोस्ट व रेल्वे खात्याचा कारभार, लेखनपद्धती, रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान अशा भिन्न विषयांचा आधार घेतला आहे. उदाहरणादाखल प्रस्तुत लेखकाच्या सातारा जिल्ह्यातील घरी असलेला एक तंबोरा घेतला आहे. हा तंबोरा पणजोबांनी १९३० च्या सुमारास, मिरज संस्थान असताना आणला, आणि त्याआधी तो खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या मैफलीत वाजला होता, अशी आमच्या घरची पिढीजात समजूत होती. तो विकावा काय, हा प्रश्न घरात उपस्थित झाल्यामुळेच त्याच्या तपासणीचा योग आला.

मिरजेची पार्श्वभूमी

मिरजेतील वाद्यनिर्मितीचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जातो. शस्त्रांना धार लावणे व ती घडविणे हा शिकलगारांचा परंपरागत व्यवसाय. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा त्यांतील फरीदसाहेब हे तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे व पुढे निर्मितीकडे वळले. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांचा संगीताला उदार आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी विद्या घेतली ती याच मिरजेत, आणि १८९६ साली ते येथूनच बाहेर पडले. पुढे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. तंबोरा जुळविण्यातील त्यांचा कान आणि वाद्यदुरुस्तीतील त्यांचा हात प्रसिद्ध होता. १९३७ साली त्यांचे निधन झाले व मिरजेच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन झाले. फरीदसाहेबांच्या वंशजांनी 'सतारमेकर' हे आडनाव धारण केले आणि त्यांची घरे व दुकाने असलेली सतारमेकर गल्ली आजही नांदती आहे.

येथे एक अडचण आरंभीच नोंदविली पाहिजे. एकाच कुळातील चार-पाच पिढ्या एकाच गल्लीत, त्याच मापांनी, त्याच प्रकारचे लाकूड व पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळे वापरून वाद्ये करीत आल्या. नातू आजोबांचीच नक्षी काढतो. त्यामुळे केवळ घाट वा नक्षी पाहून 'हा १९२० चा, तो १९५० चा' असे सांगणे धाडसाचे ठरते. शैलीवरून कालनिर्णय करण्याची जी पद्धत मूर्तिशास्त्रात उपयुक्त ठरते, ती येथे फारशी मदत करीत नाही असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इलेक्ट्रिक गिटारपासून घ्यावयाचा धडा

या संदर्भात एका सर्वस्वी वेगळ्या वाद्याच्या अभ्यासाकडे वळणे उपयुक्त ठरते. इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास सुमारे नव्वद-पंचाण्णव वर्षांचाच आहे. परंतु अमेरिकेत १९५० ते १९६५ या काळात तयार झालेल्या गिटारींना प्रचंड किंमत येत असल्यामुळे त्यांच्या कालनिश्चितीचे एक शास्त्रच तयार झाले आहे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे फेंडर कंपनीच्या कारखान्यात बनलेली गिटार घेतली, तर तिच्या दांडीमागील धातूच्या पट्टीवर क्रमांक असतो. सामान्य मनुष्यास वाटेल की क्रमांक पाहिला म्हणजे वर्ष कळले. प्रत्यक्षात कामगार पेटीतून हाताला येईल ती पट्टी उचलून बसवीत असे. त्यामुळे मोठा क्रमांक आधीच्या व लहान क्रमांक नंतरच्या गिटारीवर गेल्याची उदाहरणे विपुल आहेत. शिवाय पट्टी चार स्क्रूंनी बसविलेली असते. ती काढून दुसरीवर लावणे अवघड नाही.

म्हणून जाणकार दांडी सोडवून पाहतात. तिच्या टोकाला कामगाराने पेन्सिलीने किंवा शिक्क्याने घातलेली तारीख आढळते. मात्र ती दांडीची तारीख असते, पूर्ण वाद्याची नव्हे. त्यानंतर आवाज कमी-अधिक करण्याच्या बटणाखालील पोटेन्शिओमीटर पाहिला जातो. त्यावर, समजा, ३०४६३२० असे अंक आहेत. पहिले तीन अंक स्टॅकपोल या उत्पादकाचे, पुढील दोन १९६३ या वर्षाचे आणि अखेरचे दोन त्या वर्षातील विसाव्या आठवड्याचे. या अंकांवरून एवढेच म्हणता येते की गिटार १९६३ च्या विसाव्या आठवड्यापूर्वी तयार झालेली नाही. नंतर कितीही काळाने झालेली असू शकते. १९६६ साली तयार झालेल्या या भागांचा मोठा साठा फेंडरकडे होता आणि तो पुढे काही वर्षे वापरात होता, हे या क्षेत्रात सर्वपरिचित आहे. तसेच तो भाग मुळातलाच आहे की मागाहून बदललेला, हे तारांच्या जोडावरील झाळ अस्पर्श आहे काय यावरून ठरते.

या अभ्यासातून निघणारे तत्त्व तंबोऱ्यासही तंतोतंत लागू पडते. वाद्य हे अनेक भागांचे बनलेले असते आणि प्रत्येक भागाचे वय निराळे असते. जे भाग मूळचे असल्याचे सिद्ध होते, त्यांतील सर्वांत नवा भाग वाद्याची 'आद्यसीमा' ठरवितो, म्हणजे वाद्य त्यापूर्वीचे असू शकत नाही. 'अंत्यसीमा' मात्र, म्हणजे वाद्य कोणत्या वर्षानंतरचे असू शकत नाही ही मर्यादा, नेहमी सैल असते, कारण जुना माल शिल्लक राहतो व मागाहून वापरला जातो. आद्यसीमा कठोर आणि अंत्यसीमा मऊ, हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे बहुतेक चुका होतात.

चिठ्ठीवरील पत्ता

तंबोऱ्यावर क्रमांक नसतो, परंतु कारागिराच्या नावाची कागदी चिठ्ठी वा कोरलेली पट्टी पुष्कळदा असते. नावापेक्षा तिच्यावरील पत्ता अधिक बोलका असतो. कारण नाव पिढ्यानुपिढ्या तेच राहते, पण पत्ता शासनाच्या निर्णयांनुसार बदलतो, आणि शासनाच्या निर्णयांना तारखा असतात. मिरजेच्या बाबतीत हे बदल इतके झाले की सारे विसावे शतक लहान लहान तुकड्यांत विभागले गेले आहे.

दिनांक ८ मार्च १९४८ पर्यंत मिरज हे संस्थान होते. त्या दिवशी दक्षिणेतील इतर अनेक संस्थानांबरोबर ते मुंबई प्रांतात विलीन झाले. तोपर्यंतच्या पत्त्यांत 'मिरज संस्थान' किंवा दक्षिण मराठा देशाची 'एस. एम. सी.' ही इंग्रजी आद्याक्षरे आढळतात. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन झाले. उत्तरेकडील भाग 'उत्तर सातारा' झाला, तर दक्षिणेकडील तालुके आणि विलीन संस्थानांचा मुलूख एकत्र करून 'दक्षिण सातारा' हा नवा जिल्हा निर्माण करण्यात आला. मिरज या दक्षिण साताऱ्यात आले. पुढे २१ नोव्हेंबर १९६० पासून दक्षिण साताऱ्याचे नाव 'सांगली' असे झाले. म्हणजे 'जि. दक्षिण सातारा' ही अक्षरे केवळ अकरा वर्षे आणि काही महिने एवढ्याच काळात अधिकृत होती. आजच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना या नावाचा जिल्हा होता हेच ठाऊक नसते. वर्गात हा उल्लेख केला असता एका विद्यार्थ्याने 'दक्षिण सातारा म्हणजे कऱ्हाड का?' असा प्रश्न केला होता.

राज्याच्या नावाचाही असाच उपयोग होतो. १ मे १९६० पूर्वी 'मुंबई राज्य' आणि त्यानंतर 'महाराष्ट्र'. एखाद्या चिठ्ठीवर 'दक्षिण सातारा' व 'महाराष्ट्र' ही दोन्ही नावे एकत्र आढळली, तर ती चिठ्ठी अवघ्या सात महिन्यांहून कमी अशा काळात छापण्यासाठी गेली असे मानता येईल. मात्र छापण्यासाठी गेली एवढेच. छापखान्यातून पाचशे चिठ्ठ्या आणल्या की त्या संपेपर्यंत वापरायच्या, हा लहान कारागिराचा स्वाभाविक व्यवहार आहे. जिल्ह्याचे नाव बदलले म्हणून कोणी कोऱ्या चिठ्ठ्या फेकून देत नाही.

रेल्वेचा उल्लेख असल्यास तोही उपयोगी पडतो. पार्सलाने वाद्ये मागविली जात, म्हणून पत्त्यात रेल्वेचे नाव घालण्याची रीत होती. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे हे नाव १९०८ सालच्या एकत्रीकरणापासूनचे. १४ एप्रिल १९५१ रोजी ती दक्षिण रेल्वेत विलीन झाली. पोस्टाचा सहा अंकी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ४१६४१० हा मिरजेचा अंक ज्या चिठ्ठीवर आहे, ती त्यापूर्वीची असणे अशक्य आहे. मात्र तो अंक नाही म्हणून चिठ्ठी १९७२ पूर्वीचीच आहे, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. आजही कित्येक जण पिन कोड लिहीत नाहीत. मोबाइल क्रमांकाविषयी तर सांगावयास नकोच. भारतात ती सेवा १९९५ साली सुरू झाली.

लेखनपद्धती व चलन

मराठी चिठ्ठीच्या बाबतीत आणखी एक साधन उपलब्ध आहे, ते शुद्धलेखनाचे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या लेखनविषयक नियमांना १९६२ साली शासनमान्यता मिळाली आणि व्युत्पत्तीने येणारे परंतु उच्चारात नसलेले अनुस्वार गाळले जाऊ लागले. त्यापूर्वीच्या छपाईत 'येथें', 'दुकानांत', 'रीतीनें' अशी रूपे आढळतात. वाद्यविक्रेत्याच्या दोन ओळींच्या जाहिरातीतही असे पाच-सहा अनुस्वार सहज येतात. अर्थात जुन्या वळणाचा खिळेजुळारी १९७० मध्येही तेच अनुस्वार देत असेल, हे नाकारता येत नाही. म्हणून हे साधन पूरक समजावे, स्वतंत्र नव्हे.

पावती उपलब्ध असेल, तर प्रश्न बराच सुटतो. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणेपद्धती आली. त्यापूर्वी रुपये-आणे-पै होते. 'नवे पैसे' हा शब्दप्रयोग १९६४ पर्यंत चालला व त्यानंतर नुसते पैसे राहिले. परंतु घरोघरी तंबोरा टिकतो, पावती टिकत नाही.

पदार्थांची साक्ष

तारा, खुंट्या आणि घोडी हे भाग वयासाठी प्रायः निरुपयोगी होत. तारा वर्षा-दोन वर्षांनी बदलतात. खुंट्या झिजतात. घोडीची जवारी पुनःपुन्हा काढल्याने ती पातळ होत जाते व अखेर बदलावी लागते. सांबरशिंगाची घोडी दिसली म्हणजे वाद्य जुने, असे सरसकट म्हटले जाते. परंतु जुनी घोडी नव्या तंबोऱ्यावर बसविण्यास काहीच अडचण नसते आणि जवारीचे मर्म जाणणारे गायक आवडती घोडी जपून ठेवून तसे करवून घेतात.

याउलट भोपळा, दांडी, गळा आणि तबली यांचे एकमेकांशी असलेले सांधे महत्त्वाचे ठरतात. पूर्वी हे सांधे सरसाने, म्हणजे जनावरांच्या चामड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाने, जोडीत. कोमट पाण्याच्या ओल्या बोळ्याने सरस मऊ पडतो व त्याला विशिष्ट वास येतो. फेव्हिकॉलसारखा कृत्रिम पांढरा गोंद आपल्याकडे १९५९ पासून बाजारात आला. तो पाण्याने दुधाळ होतो. सांध्यात कृत्रिम गोंद आढळल्यास तो सांधा १९५९ नंतरचा, मग तो निर्मितीच्या वेळचा असो वा दुरुस्तीच्या. सरस आढळल्यास मात्र काहीच ठामपणे म्हणता येत नाही, कारण चांगले कारागीर आजही सरस वापरतात.

कडांवरील व दांडीवरील पांढऱ्या पट्ट्यांचा प्रश्न वयाबरोबरच कायद्याचाही आहे. त्या हस्तिदंताच्या, हाडाच्या, सेल्युलॉइडच्या किंवा अलीकडच्या प्लॅस्टिकच्या असू शकतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. भारतीय हत्तीचा समावेश १९७७ साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला, १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंतही त्या कक्षेत आला. तेव्हा आजोबांच्या तंबोऱ्यावरील पट्ट्या हस्तिदंताच्या आहेत असे अभिमानाने सांगून तो विकावयास काढणारा मनुष्य स्वतःला अडचणीत आणीत असतो, याची त्याला सहसा कल्पना नसते.

ओळख पटविण्यासाठी साधे भिंग पुरते. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर परस्परांना तिरप्या छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. हाडावर बारीक काळसर ठिपके वा चिरा दिसतात, कारण त्यातून रक्तवाहिन्यांच्या नलिका गेलेल्या असतात. सेल्युलॉइडमध्ये यांपैकी काहीच नसते. फडक्याने जोराने घासून ते किंचित गरम केले असता कापराचा वास येतो, कारण त्याच्या घडणीत कापूर असतो. काही लोक सुई तापवून टोचण्याचा सल्ला देतात. तो कदापि मानू नये. सेल्युलॉइड अत्यंत ज्वालाग्राही आहे, आणि तंबोरा म्हणजे वाळलेला भोपळा व लाखेचे पॉलिश.

दुकानदार नोटा तपासण्यासाठी जो जांभळा दिवा वापरतात, त्याचाही येथे चांगला उपयोग होतो. अंधाऱ्या खोलीत त्याच्या अतिनील प्रकाशाखाली लाखेचे पॉलिश नारिंगी झाक दाखविते आणि हस्तिदंत निळसर पांढरा चमकतो. पॉलिशवर मागाहून केलेली डागडुजी निराळ्या रंगाच्या ठिगळाप्रमाणे उठून दिसते. दोनशे-तीनशे रुपयांच्या या दिव्याने जे दिसते, ते दिवसा उजेडात अनुभवी डोळ्यांनाही दिसत नाही.

प्रयोगशाळेची मदत

लाकडावरील वार्षिक वलयांवरून वय काढण्याची पद्धत युरोपीय व्हायोलिनच्या बाबतीत प्रसिद्ध आहे. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातील 'मेसाया' या स्ट्राडिव्हरी व्हायोलिनचा वाद याच वलयांच्या आधारे लढविला गेला. तेथे पुढील फळीत स्प्रूसची कित्येक वलये सलग मिळतात आणि तुलनेसाठी आल्प्सच्या जंगलांची शतकानुशतकांची मालिका तयार आहे. तंबोऱ्याच्या तुणीच्या लाकडात वलये दिसतात खरी, पण कोरलेल्या, वळविलेल्या तुकड्यात सलग अशी थोडीच सापडतात.

कार्बन-१४ पद्धतीबाबत तंबोऱ्याची स्थिती मात्र विलक्षण अनुकूल आहे. शंभर वर्षांच्या झाडाचे लाकूड घेतले तर त्याच्या गाभ्याचे वय व वाद्याचे वय यांत मोठे अंतर पडते. भोपळा हे एका हंगामाचे पीक आहे. त्याच्या कवचातील सारा कार्बन एकाच वर्षाच्या हवेतून आलेला असतो. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६३ पर्यंत झालेल्या अणुस्फोट चाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण उत्तर गोलार्धात जवळजवळ दुप्पट झाले आणि नंतर उतरत गेले. त्यामुळे १९५५ नंतरच्या भोपळ्याचे वर्ष बऱ्याच अचूकतेने काढता येते. चढत्या व उतरत्या अशा दोन शक्यता निघतात, एवढेच. त्यापूर्वीच्या सुमारे तीन शतकांच्या काळात मात्र ही पद्धत जवळजवळ निरुत्तर होते, कारण त्या काळातील आलेख वरखाली होत राहतो व एकाच मोजमापाला अनेक वर्षे जुळतात. आपल्या देशात नवी दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये अत्यल्प नमुन्यावर ही चाचणी होऊ शकते. परंतु भोपळा कापल्यावर तो वाळवून कारागिराच्या माळ्यावर किती वर्षे पडून होता, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही.

एका तंबोऱ्याची तपासणी

आता आरंभी उल्लेखिलेल्या तंबोऱ्याकडे वळू. भोपळ्यास तडा गेल्याने तो मिरजेतील एका वयोवृद्ध कारागिराकडे दुरुस्तीस नेला होता. त्याआधी अन्य एका ठिकाणी त्यास संपूर्ण खरवडून नवे पॉलिश करण्याचा सल्ला मिळाला होता व त्याप्रमाणे करण्याचे जवळजवळ ठरलेही होते. हे काम झाले असते, तर पुढील परिच्छेद लिहिता आला नसता.

गळ्याच्या मागील बाजूस अर्धवट फाटलेली, पॉलिशने तपकिरी झालेली कागदी चिठ्ठी होती. घरात तिच्याकडे कोणी कधी लक्ष दिले नव्हते. कारागिराचे नाव असलेला भाग गेला होता. भिंगाने पाहता 'उत्तम रीतीनें' एवढे शब्द व खालच्या ओळीत 'मिरज, जि. द. सात' इतकी अक्षरे लागली. पुढील अक्षर अर्धे तुटले होते. पिन कोड नव्हता. 'द. सात…' या तुकड्याचे 'दक्षिण सातारा' याखेरीज दुसरे वाचन संभवत नाही.

येथे एक रास्त आक्षेप येतो. चिठ्ठी १९४९ नंतरची आहे म्हणून तंबोराही तेव्हाचाच कशावरून? १९३० च्या तंबोऱ्यावर दुरुस्तीच्या वेळी नवी चिठ्ठी लावली गेली नसेल कशावरून? काकांनी हाच प्रश्न विचारला आणि तो योग्यच होता. उत्तर चिठ्ठीच्या सुटलेल्या कोपऱ्याखाली मिळाले. जुन्या, वापरलेल्या वाद्यावर चिठ्ठी डकविली असती, तर तिच्याखाली पूर्वीचे पॉलिश असावयास हवे होते. तेथे कोरे लाकूड होते. त्यावर खरवडल्याच्या खुणा नव्हत्या. दिव्याखाली चिठ्ठीवर व भोवतालच्या लाकडावर एकच सलग नारिंगी झाक दिसली. म्हणजे आधी चिठ्ठी लागली व मग पहिले पॉलिश झाले. तबलीचा सांधा सरसाचा व चहूबाजूंनी अखंड होता. ती पूर्वी उघडलेलीच नव्हती.

दुरुस्तीसाठी ती उघडली, तेव्हा आत सांध्यावर मजबुतीसाठी चिकटविलेल्या कागदाच्या पट्ट्या आढळल्या. त्या जमाखर्चाच्या वहीच्या होत्या आणि त्यांवर रुपये, आणे, पै असे तीन रकाने होते. क्षणभर आनंद झाला. परंतु रद्दी ही नेहमी जुनीच असते. १९५२ ची वही १९५९ साली सहज वापरली जाऊ शकते. म्हणून या पुराव्याला आम्ही फारसे वजन दिले नाही. पट्ट्यांवरील नक्षीचे पांढरे तुकडे सेल्युलॉइडचे निघाले, हे मात्र दिलासा देणारे होते.

कार्बन चाचणीचा विचार करून तो सोडून दिला. भोपळ्यात अणुचाचण्यांचा कार्बन आढळला असता, तर १९३० ची कथा स्वतंत्रपणे निकालात निघाली असती. तो न आढळल्यास १९३० व १९५२ यांत फरक करता आला नसता. चिठ्ठीने जे सांगितले होते, त्यात खर्चाच्या मानाने भर पडणार नव्हती.

अशा रीतीने आद्यसीमा १ ऑगस्ट १९४९ ही निश्चित झाली. अंत्यसीमा १९६० च्या पुढे, शिल्लक चिठ्ठ्यांचा विचार करता, आणखी चार-दोन वर्षे सैल ठेवावी लागते. खाँसाहेब १९३७ साली निवर्तले होते. पणजोबांचा मृत्यू १९४३ चा, त्याची नोंद उपलब्ध आहे. तंबोरा त्या दोघांनीही पाहिलेला नाही.

मग तो आणला कोणी? या प्रश्नाचे उत्तर लाकडात नाही, परंतु त्याची दिशा आहे. हा तंबोरा मापाने लहान, काळी चार-पाचच्या सुरासाठी केलेला, म्हणजे व्यवहारात ज्याला जनानी म्हणतात तसा आहे. आमची आजी प्राथमिक शिक्षिका होती. तिच्या सेवापुस्तकात १९५३ ते १९५७ या काळातील नेमणूक तासगाव तालुक्यात असून जिल्ह्याचे नाव 'दक्षिण सातारा' असेच लिहिले आहे. तासगावहून मिरज जवळ. ती पहाटे गात असे, हे आत्या सांगते. परंतु स्वतःच्या पगारातून तंबोरा घेतल्याचे तिने कधी कोणास सांगितल्याचे आठवत नाही. घरात आलेले वाद्य 'वडिलांच्या वेळचे' म्हणून खपून गेले असावे आणि पुढे तीच कथा झाली. हे अनुमान आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, हे येथे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. सिद्ध आहे ते एवढेच की पणजोबांनी तो घेतलेला नाही.

काकांनी एका ग्राहकाशी बोलणी केली होती. 'संस्थानी काळातला, खाँसाहेबांचा' म्हणून जी रक्कम ठरत होती, ती ही हकीकत कळताच निम्म्याहून खाली आली. "एवढा शिकलास आणि घरातल्या वस्तूची किंमत कमी करून आलास," असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे व्यवहाराच्या दृष्टीने खरेच होते. आत्याने मात्र दुसऱ्या दिवशी फोन करून तबली बंद करण्यापूर्वी तंबोरा एकदा पाहावयास मिळेल काय, असे विचारले.

कारागिराने चिठ्ठीला हात लावला नाही. तिचा सुटलेला कोपरा पातळ सरसाने बसवून दिला. "सर, पॉलिश केव्हाही करता येतं. पुसलेलं अक्षर परत येत नाही," असे त्यांनी सांगितले, आणि जुन्याच पॉलिशवर केवळ तेलाचा हात फिरविला. दोन खुंट्या व घोडी बदलावी लागली. मूळच्या खुंट्या व घोडी कापडात बांधून गवसणीच्या खिशात ठेवल्या आहेत. कोणते भाग बदलले, कोणते मूळचे आहेत, कोणता गोंद वापरला व कोणत्या तारखेस, हे एका कागदावर पेन्सिलीने लिहून तो कागद भोपळ्याच्या आतील बाजूस वहीच्या जुन्या पट्टीशेजारी चिकटविला. आत्या आल्यावर तबली बसविण्यात आली.